घराचा उंबरठा ओलांडल्यावर

नवे घर घेऊ पाहणारे मध्यमवर्गीय कुटुंब ज्या कसोशीने घराची पारख करते, तेवढी कसोशी ते दुसऱ्या कोणत्याही व्यवहारात क्वचितच दाखवीत असेल. चटईक्षेत्र किती, स्वयंपाकघर कोणत्या दिशेला, कर्जाचा हप्ता किती वर्षांचा, मोटार उभी करावयास जागा मिळणार की नाही, 'महारेरा'कडे प्रकल्पाची नोंद झाली आहे की नाही, येथपासून नळाच्या तोट्या कोणत्या बनावटीच्या आहेत येथपर्यंत सारे प्रश्न विचारले जातात. आणि ते विचारले जावेत हे योग्यच आहे. एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. या घरातून निघून दहा वर्षांचे मूल एकटे शाळेत चालत जाऊ शकेल काय, आणि सत्तर वर्षांची आजी कोणाचा हात न धरता भाजी घेऊन परत येऊ शकेल काय? याचे उत्तर नकारार्थी असेल, तर त्या घरातील गुळगुळीत फरशीचे आणि सज्जातून दिसणाऱ्या टेकडीचे मोल फार थोडे आहे, असे आम्हांस स्पष्टपणे म्हणावयाचे आहे. माणूस चार भिंतींत झोपतो, परंतु राहतो तो वस्तीत. म्हणून निवड घराची करावयाची नसून वस्तीची करावयाची असते, आणि वस्तीची खरी परीक्षा पायांनीच घेता येते.

हा प्रश्न केवळ सोयीचा आहे असे कोणी मानू नये. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. याचा अर्थ, दररोज सरासरी नव्वद माणसे आपल्या देशात चालता चालता मरण पावली. ती वेगाने जात नव्हती, त्यांनी कोणाला ओलांडून पुढे जाण्याची स्पर्धा केली नव्हती. ती फक्त कोठून तरी कोठे तरी चालली होती. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सुस्थितीतील व अडथळ्यांविना वापरता येणारा पदपथ मिळणे हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असा निर्वाळा दिला. जो हक्क माणसाला पाय फुटल्यापासूनचा, तो न्यायालयाला शब्दांत मांडून दाखवावा लागावा, यातच आपल्या शहरांची अवस्था काय आहे ते दिसून येते.

पुण्याचेच उदाहरण घेऊ. जुन्या पेठांतील जीवन चालण्याच्या अंतरावर बेतलेले होते. शाळा, देऊळ, वाचनालय, वैद्य, किराणा दुकान आणि १८८६ पासूनची मंडई ही सारी घरापासून पंधरा-वीस मिनिटांच्या टप्प्यात होती. परदेशांत अलीकडे 'पंधरा मिनिटांचे शहर' या कल्पनेचा मोठा गाजावाजा झाला आणि पॅरिसच्या महापौर ॲन हिदाल्गो यांनी २०२० च्या निवडणुकीत ती आपल्या कार्यक्रमात घेतली. सदाशिव पेठेतल्या माणसाला त्यात नवे असे काही वाटू नये. तथापि भूतकाळाची आरती ओवाळण्याचा आमचा हेतू नाही. पेठांत अंधाऱ्या खोल्या होत्या, अपुरे नळ होते, सामाईक शौचकूप होते आणि कोणत्या आळीत कोणी राहावे याविषयीचे जातीचे अलिखित कायदेही होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, नदीकाठचे शेकडो वाडे कोसळले आणि पुणे पेठांबाहेर पडले. गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहतींत अनेक कुटुंबांना प्रथमच मोकळी हवा आणि स्वतंत्र दार मिळाले. बाहेर पडणे आवश्यकच होते. चूक झाली ती बाहेर पडण्याच्या पुढच्या रीतीत.

वस्ती वसविण्याचा एक क्रम असतो. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दादर-माटुंग्याच्या वसाहती आखताना आधी रस्ते, झाडे व मैदाने आणि नंतर घरे हा क्रम पाळला. त्यामुळे हिंदू कॉलनीतून किंवा पाच उद्यानांच्या परिसरातून चालताना शतकानंतरही पायांना ओळखीची वाट सापडते. आपल्याकडील प्रभात रस्ता, भांडारकर रस्ता हे भागही अशाच आखणीमुळे आजपर्यंत तग धरून आहेत. पुढील काळात हा क्रम उलटला. आधी शेतात इमारत उभी राहावयाची, मग तिच्याकडे जाणारा कच्चा रस्ता, मग त्यावरून पाण्याचे टँकर, आणि पदपथ जमला तर सर्वांत शेवटी. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे पुणे महापालिकेत आली, आणि पालिकेचे क्षेत्र त्या वेळी ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेले. हद्द एका अधिसूचनेने वाढविता येते. शहर तसे वाढत नाही. वीस-वीस मजली इमारती आणि त्यांच्यापुढे बैलगाडीच्या रुंदीचा रस्ता, असे दृश्य आज शहराच्या चारही दिशांना दिसते, आणि त्या रस्त्याच्या कडेला दप्तर पाठीशी घेऊन मुले जीव मुठीत धरून चालताना दिसतात.

या परिस्थितीवर आपल्या वर्गाने जो तोडगा काढला, तो आमच्या मते मूळ रोगाहून घातक आहे. तो म्हणजे कुंपण. बाहेरचा रस्ता सुधारत नाही ना, मग आतच रस्ता करू. बाहेर बाग नाही, तर आत करू. दाराशी रखवालदार ठेवू, भिंतीवर तारा लावू, कोपऱ्याकोपऱ्यात कॅमेरे बसवू, आणि बाहेर पडावयाचे ते मोटारीच्या काचा वर करूनच. यालाच आज सुरक्षितता म्हणतात. परंतु उंच भिंत जेव्हा रस्त्याकडे पाठ करते, तेव्हा त्या रस्त्यावर कोणाचेच लक्ष राहत नाही. १९६१ सालीच न्यूयॉर्कमधील जेन जेकब्ज या विदुषीने अमेरिकन शहरांवरील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात हे सविस्तर दाखवून दिले आहे. रस्ता सुरक्षित होतो तो मुख्यतः पोलिसांमुळे नव्हे. रस्त्याकडे उघडणाऱ्या खिडक्या, दिवसभर चालू असणारी दुकाने आणि सहज ये-जा करणारी माणसे यांची नजर त्याचे रक्षण करते, हा तिचा सिद्धान्त आहे. आपल्या कोपऱ्यावरचा वाणी, इस्त्रीवाला, रात्री साडेदहापर्यंत दिवा ठेवणारा औषधविक्रेता आणि पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करणारे आजोबा यांनी हा सिद्धान्त वाचलेला नसतो. ते तो आचरीत असतात.

स्त्रियांच्या दृष्टीने ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. शिल्पा फडके, समीरा खान व शिल्पा रानडे यांनी मुंबईतील स्त्रियांच्या सार्वजनिक वावराचा अभ्यास करून २०११ मध्ये 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक प्रसिद्ध केले. स्त्रीला रस्त्यावर असण्यासाठी काही ना काही काम दाखवावे लागते, विनाकारण थांबण्याची मुभा तिला नसते, हे त्यांनी साधार मांडले. ज्या रस्त्यावर रात्री नऊ वाजता चार स्त्रिया बोलत उभ्या राहू शकतात, तो रस्ता सुरक्षित, ही कसोटी कोणत्याही कॅमेऱ्यापेक्षा खरी आहे. आणि श्रीमंत वस्ती म्हणजे सुरक्षित वस्ती हे समीकरणही तपासून घ्यावयास हवे. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरसारख्या सुस्थित भागात एका भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले, हे पुणेकर विसरलेले नाहीत. तेथे दिवे होते, रस्ता रुंद होता, घरे महाग होती. रुंद आणि मोकळा रस्ता हीच वेगाला चिथावणी ठरते. फेब्रुवारी २०२० मधील स्टॉकहोमच्या जागतिक परिषदेने, जेथे वाहने व पायी चालणारी माणसे एकत्र येतात तेथे वेगाची मर्यादा ताशी ३० किलोमीटर असावी, असे आवाहन केले, ते याच कारणासाठी.

येथे आणखी एका गोष्टीचा उल्लेख करणे भाग आहे. 'वस्ती चांगली आहे ना?' असे जेव्हा आपण दलालाला विचारतो, तेव्हा पुष्कळदा आपल्या मनात रस्ता, दिवे किंवा गटारे नसतात. तेथे 'आपली माणसे' राहतात ना, एवढेच आपणांस विचारावयाचे असते. धर्म, जात किंवा ताटातील अन्न यांवरून घरे नाकारली जातात, आणि त्याला सुरक्षिततेचे गोंडस नाव दिले जाते. हा सुरक्षिततेचा विचार नसून भीतीचा सोवळेपणा आहे. एकाच प्रकारची, एकाच वेळी कामावर जाणारी आणि एकाच वेळी दारे लावून घेणारी माणसे जेथे राहतात, तेथला रस्ता दुपारी ओस पडतो. नाना व्यवसायांची, नाना वयांची माणसे जेथे नांदतात, तेथे रस्ता कोणत्याही प्रहरी पोरका नसतो.

मग घर शोधणाऱ्याने करावे काय? आमचे सांगणे साधे आहे. नमुना सदनिका पाहण्यास एक तास देत असाल, तर वस्ती पाहण्यास चार दिवस द्या, आणि मोटार घरी ठेवून जा. एकदा शाळा भरण्याच्या वेळी जा आणि मुले कशी जातात ते पाहा. एकही मूल पायी दिसले नाही, तर त्यावरून काय समजावयाचे ते समजून घ्या. एकदा संध्याकाळी सात वाजता आणि एकदा रात्री दहा वाजता जा. किती दिवे लागतात, किती दुकाने उघडी आहेत, एकटी स्त्री निर्धास्त चालते की पदर सावरून झपझप पाय उचलते, हे पाहा. आणि एकदा भर जुलैत, पाऊस पडत असताना जा. पावसाळ्यात रस्ता आपले सारे दोष उघडे करतो.

काही गोष्टी मोजूनही पाहता येतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे निवासी भागातही पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असली पाहिजे आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. वीतभराहून कमी अशी ही उंची. म्हातारा गुडघा तेवढीच चढू शकतो. घरापासून दूध, किराणा, दवाखाना, प्राथमिक शाळा आणि बसथांबा यांपर्यंतचे अंतर पावलांनी मोजावे. दहा मिनिटांत यांपैकी तीन तरी गाठता आली, तर वस्ती विचारात घेण्याजोगी आहे. वाटेत किती ठिकाणी मोठा रस्ता ओलांडावा लागतो, आणि तेथे सिग्नल आहे की केवळ पुसट झालेले पांढरे पट्टे, हेही पाहावे. महामार्गाच्या कुशीतील स्वस्त घर घेणाऱ्याने तर हे अवश्य पाहावे. नवले पुलाच्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका मालमोटारीने वीसहून अधिक वाहनांना ठोकरले, आणि १३ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच परिसरात पुन्हा प्राणहानी झाली. दोन्ही बाजूंना दाट वस्ती आणि मधोमध अवजड वाहनांचा लोंढा, अशा जागी चालणाऱ्याला वाली कोण?

पाण्याची वाटही अशीच पाहून ठेवावी. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने आपली जुनी वाट मागितली आणि अनेकांचे प्राण घेतले. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सोडलेले पाणी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत शिरले. जाहिरातीत ज्याला 'नदीकाठचे निसर्गरम्य घर' म्हणतात, त्याच्या पूररेषेचा नकाशा मागण्यात संकोच कसला?

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. चालण्याजोग्या वस्त्या महाग आहेत. डेक्कन जिमखान्यावर किंवा शिवाजी पार्कावर घर घेणे पगारदार माणसाला स्वप्नातही परवडत नाही. हे खरे आहे. तथापि पुष्कळ कुटुंबे दूरच्या टोकाला तीन खोल्यांऐवजी चार खोल्या घेतात, आणि मग त्या चौथ्या खोलीसाठी दोन वाहने, त्यांचे इंधन, रोजचे दोन-तीन तास आणि मुलांना शाळेत सोडण्या-आणण्याची कायमची वेठ पत्करतात. हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. एक खोली कमी आणि एक वाहन कमी असा सौदा अनेकांना फायद्याचा ठरेल. जी वस्ती पायी चालून उपयोगाची आहे, तेथे वृद्ध आईवडील परावलंबी होत नाहीत आणि मुले स्वतंत्र होतात; या दोन गोष्टींची किंमत कोणत्याही दरपत्रकात लिहिलेली नसते. परंतु एवढ्याने आक्षेप संपत नाही. चांगला पदपथ ही मोजक्या वस्त्यांची मिरास झाली, तर ज्या मोलकरणी, रखवालदार आणि डिलिव्हरी करणारी मुले त्या वस्त्यांत येतात, त्यांनी आपापल्या घरी परतताना मात्र चिखलातून चालावे काय? व्यक्तीने शहाणी निवड करणे हे या प्रश्नाचे अर्धेच उत्तर आहे.

उरलेले अर्धे उत्तर महापालिकेने द्यावयाचे आहे. रस्ते, पूल, दिवाबत्ती आणि बसथांबे हे विषय घटनेच्या बाराव्या परिशिष्टाने स्थानिक संस्थांकडे दिलेले आहेत. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचाऱ्यांच्या सोयी व सुरक्षिततेविषयी स्वतंत्र धोरण मंजूर केले, ही गौरवाची गोष्ट होय. जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद झाले, तेव्हा तेथे आबालवृद्ध बाकांवर विसावू लागले. करावयाचे म्हटले तर होते, हे त्यावरून सिद्ध झाले. ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्ता वाहनांसाठी बंद ठेवून 'पादचारी दिन' साजरा करण्यात आला. परंतु वर्षातला एक दिवस पायांचा आणि उरलेले ३६४ चाकांचे, ही वाटणी न्यायाची नव्हे. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर पुण्याचा व मुंबईचा कारभार तीन वर्षांहून अधिक काळ निवडणुकीविना प्रशासकांनी चालविला. या काळात नागरिकाने आपल्या गल्लीतील फुटलेल्या पदपथाची तक्रार सांगावयाची कोणाला, हाही प्रश्नच होता. ज्या मुंबईत तेरा हजार कोटींहून अधिक रुपये खर्चून सुमारे साडेदहा किलोमीटरचा सागरी किनारा मार्ग मोटारींसाठी बांधता येतो, तेथे पदपथांसाठी पैसा नाही हे कोणी सांगू नये.

पदपथ मोकळे करा म्हटले की कारवाई प्रथम फेरीवाल्यावर होते. ती सोपी असते, म्हणून होते. फेरीवाल्यांना परवाने व जागा नेमून देण्याची व्यवस्था २०१४ च्या कायद्याने सांगितली आहे. ती प्रामाणिकपणे अमलात आणली तर भाजीची हातगाडी आणि चालणारी माणसे एकत्र नांदू शकतात, किंबहुना त्या हातगाडीमुळेच रस्ता जागता राहतो. पदपथावर चढून बसलेली आपली दुचाकी आणि आपल्या मोटारीसाठी फोडून उतरता केलेला पदपथ, हे अतिक्रमण मात्र आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

आज तर जुन्या, चालण्याजोग्या वस्त्याही आपण आपल्याच हातांनी बिघडवीत आहोत. डिसेंबर २०२० मधील एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीने वाढीव बांधकामाला वाव दिला आणि कोथरूडपासून सहकारनगरपर्यंत पुनर्विकासाची लाट आली. जुन्या इमारती जीर्ण झाल्या आहेत, त्यांत उद्वाहन नाही, वृद्धांचे हाल होतात, पुनर्विकास हवाच. परंतु जेथे तळमजल्यावर पूर्वी शिंपी, दवाखाना आणि वाचनालय होते, तेथे नव्या इमारतीत दोन-तीन मजले मोटारींचेच होतात आणि रस्त्याला लागून राहते ती कोरी भिंत. पुनर्विकासाच्या सभेत प्रत्येक सभासद आपल्याला किती जास्त चौरस फूट मिळणार हे विचारतो. तळमजल्यावर दुकाने राहतील काय, कुंपण ठेंगणे व आरपार दिसणारे असेल काय, दारासमोरचा पदपथ सलग राहील काय, हे प्रश्नही त्याच सभेत, करारावर सह्या होण्यापूर्वी विचारता येतात. त्यासाठी ना सरकारचा आदेश लागतो, ना जादा पैसा.

म्हणून वाचकांना आमचे सांगणे आहे, की वस्ती पायांनी निवडा, आणि निवडल्यानंतर तिला पायांनीच राखा. कोपऱ्यावरच्या दुकानात चालत जाणारे गिऱ्हाईक राहिले, तरच ते दुकान रात्री दिवा लावील. मुलांना शेजारच्या मुलांबरोबर पायी शाळेत पाठविणारे पालक निघाले, तरच त्या रस्त्यावर सिग्नल मागणारे कोणी उरेल. आणि मते मागावयास जो कोणी दाराशी येईल, त्याला घरात बसवून चहा देण्याऐवजी त्याच्यासोबत बसथांब्यापर्यंत चालत जावे आणि परत यावे. त्या वाटेवर त्याला कोठे थांबावे लागले, कोठे रस्त्यावर उतरावे लागले आणि कोठे मागून येणाऱ्या मोटारीच्या भोंग्याने दचकावे लागले, हे त्याने स्वतःच मोजावे. त्यानंतर त्याचे आश्वासन ऐकून घेण्यास हरकत नाही.